बोरघाटातला सांधा आणि सी भाषेतली अदलाबदल

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी घाटात मध्येच थांबते, हे आपण पाहिलेलं आहे. 1863 साली हा मार्ग सुरू झाला. तीव्र भागात 37 फुटांत 1 फूट उतार. ब्रेक निकामी झाले तर गाडी आवरायची कशी? त्यासाठी कॅच सायडिंग. तिथला सांधा एरवी चढावरच्या आडमार्गाकडेच लावलेला असतो. गाडी थांबल्याची खात्री झाली की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. आधी पडताळणी, मग बदल.

आता संगणकाकडे येऊ. एकाच मेमरीत अनेक थ्रेड लिहीत असतात. एकाने किंमत वाचली, तो हिशेब करेपर्यंत दुसऱ्याने ती बदलली. पहिल्याने जुन्या हिशेबावर लिहिलं, की दुसऱ्याचं काम पुसलं गेलं! 1970च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/370ने यावर 'कंपेअर अँड स्वॅप' ही सूचना दिली. किंमत अजून अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलायची. नसेल तर हात न लावता आत्ताची किंमत सांगायची. तपासणं आणि बदलणं यांच्यात तिसऱ्याला शिरकावच नाही.

पण 'सांध्यापाशी गाडी उभी आहे' एवढंच तपासलं तर? पहिली गेली, दुसरी येऊन उभी राहिली, तरी उत्तर 'हो'च. पॉइंटरचंही असंच होतं: मोकळी केलेली जागा पुन्हा वापरात येते, पत्ता तोच, आतला माल वेगळा. याला 'एबीए' म्हणतात. उपाय म्हणजे गाडीचा नंबरही बघायचा! पत्त्याशेजारी एक मोजणी ठेवायची, दर बदलाला वाढवायची आणि दोन्ही एकदम तपासायचे. 370मध्ये त्यासाठी दुप्पट रुंदीची सूचनाही होती. इथेच स्ट्रक्चरची गरज लागली.

सी भाषेच्या मानकात ही सोय 2011 साली आली. मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, तुलना बाइटनिहाय होते, सदस्यनिहाय नाही. सदस्यांमधल्या रिकाम्या बाइटमध्ये वेगळा कचरा असेल, तर सदस्य सारखे असूनही तुलना फसू शकते; म्हणून रचना पोकळी न ठेवता करायची. दुसरी, आकार. 64 बिटी इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर अशी सूचना जास्तीत जास्त 16 बाइट पेलते. स्ट्रक्चर त्याहून मोठं असेल तर लायब्ररी गुपचूप लॉक लावते. उत्तर बरोबर येतं, पण ज्या लॉकला टाळायला आपण निघालो, तोच आत बसलेला असतो. म्हणून 'ॲटॉमिक इज लॉक फ्री' विचारून घ्यावं, आणि मगच पुढे जावं.