इंदूरचे खत, इंदूरचे नाव

‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभरच्या सेंद्रिय शेतकऱ्यांना ठाऊक आहे. आपल्याला मात्र ते आठवून द्यावे लागते. होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे संशोधन संस्था उभारली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. जंगलाला कोणी खत घालत नाही, गळलेला पालाच त्याला पोसतो, ही त्यांची धारणा. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, अधूनमधून उलथायचे. तीन महिन्यांत खत तयार. या कामावर १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड जगाला माहीत झाले. वाड आपल्याही विस्मरणात गेले.

आपल्या जुन्या घरांच्या परसात शेवगा, कढीलिंब, केळ, अळू, पेरू असत. एकदा लावले की वर्षानुवर्षे देत. सांडपाणी केळीला, पाला बुंध्याशी. पुढे परसात फरशी आली आणि पाला कचरागाडीत गेला. यंदा गणपतीची पत्री आणि निर्माल्य तरी घरच्या झाडाखाली, नाहीतर कुंडीत मुरू द्यावे. या मातीचे एवढे देणे आपण लागतोच.