बायबल अभ्यासगट (नागपूर)

बायबल अभ्यासगट : सहा ते बारा-पंधरा ख्रिस्ती माणसांनी ठरलेल्या वारी एखाद्या घरी जमावे, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचून त्यावर बोलावे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी, असा उपक्रम. बोलण्यात त्याला घरसभा, संगती किंवा कॉटेज प्रेअर म्हणतात. रविवारच्या उपासनेची सूत्रे पाळकांकडे असतात. घरसभेत मात्र निवृत्त शिक्षिका किंवा रेल्वेतला कारकूनही चर्चा चालवू शकतो.

पूर्वपीठिका : येरुशलेमच्या पहिल्या मंडळीबद्दल प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात शिक्षण, सहवास, भाकर मोडणे व प्रार्थना अशा चार गोष्टी नोंदल्या आहेत. आजचे गट आपले मूळ तिथेच दाखवतात. युरोपात जर्मन पाळक फिलिप याकोब श्पेनर यांनी 1670 मध्ये फ्रांकफुर्टला घरगुती वाचनसभा सुरू केल्या. इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी 1742 पासून मेथडिस्टांचे साधारण बाराजणांचे वर्ग बांधले. या वर्गांत आठवड्याचा हिशेब द्यावा लागे : मन कुठे ढळले, प्रार्थना कुठे चुकली.

नागपुरात प्रॉटेस्टंट कामाचा पाया स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप (1817–1863) यांनी 1845 मध्ये घातला. त्या वेळी शहरावर भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांचा भर शाळेवर होता, आणि बायबल हा शाळेतला एक विषय. म्हणजे येथे बायबलचे सामूहिक वाचन प्रथम वर्गाच्या बाकावर आले. प्रश्न विचारायचा तो शिक्षकाने, उत्तर द्यायचे ते मुलाने, ही सवय पुढे अनेक अभ्यासगटांतही टिकली. हिस्लॉप भूगर्भ व प्राचीन शिलावर्तुळे यांचेही अभ्यासक होते. टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळे पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी ते बुडून वारले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 मध्ये निघाले.

नारायण वामन टिळक यांचे वाचन : मराठी ख्रिस्ती घरांत ज्या बायबलवाचनाची सर्वांत जास्त आठवण निघते, ते मुळात गटात झालेच नाही. रेव्ह. टिळक (1861–1919) नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले, आणि वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला. टिळक तो चिकित्सकाच्या नजरेने वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामध्ये या काळाची दुसरी बाजू आहे. एकाचा आत्मिक शोध घरातल्या दुसऱ्या माणसाला किती महाग पडतो, हे तितक्या मोकळेपणाने सांगणारे पुस्तक मराठीत दुसरे नसेल. आध्यात्मिक वाढीवर बोलणाऱ्या प्रत्येक गटाने ते वाचावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टिळकांनी पुढे ख्रिस्ती भजन-कीर्तन रुजवले आणि 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य एकत्र असावेत, अशी त्यांची योजना होती. ती टिकली नाही, पण त्यांची पदे राहिली. ‘उपासना संगीत’ उघडून आरंभी एक पद म्हटल्याशिवाय आजही मराठी घरसभा सुरू होत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 1905 च्या आरंभी नित्य प्रार्थनेसाठी स्त्रियांचा गट जमवला. तो काही महिन्यांत सुमारे सत्तरांवरून साडेपाचशेवर गेला, आणि जूनअखेर तिथे मोठे धर्मजागरण झाले. स्त्रियांच्या संगतीत हा दाखला वारंवार निघतो.

गटाचे चालणे : पद व प्रारंभिक प्रार्थनेनंतर उतारा आळीपाळीने, ओवी-ओवीने वाचतात. मग तीन प्रश्न येतात : येथे काय लिहिले आहे, त्याचा अर्थ काय, आणि आपण उद्यापासून काय करायचे. प्रार्थनेसाठी लूक 11, मत्तय 6 आणि चिकाटीने न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखला (लूक 18) घेतात. वाढीसाठी योहान 15 मधला द्राक्षवेल आणि गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील आत्म्याचे फळ. शेवटी प्रार्थनेचे विषय सांगतात : आजारपण, मुलाची नोकरी, लग्न, दारू सोडू पाहणारा भाऊ. त्यावर साखळी प्रार्थना होते, प्रभूची प्रार्थना सर्व मिळून म्हणतात आणि चहा येतो. उपवासकाळात अशा सभा वाढतात.

बहुतेक गटांची ताकद या शेवटच्या भागात आहे. मागच्या आठवड्यात मागितलेल्याचे पुढे काय झाले, हे विचारणारे कोणी तरी असते. दुबळी बाजू तिसऱ्या प्रश्नाची. ‘अधिक प्रार्थना केली पाहिजे’ हे उत्तर कोणत्याही उताऱ्याला चालते, म्हणून ते पटकन दिले जाते. सभेत सांगितलेली खासगी अडचण दुसऱ्या दिवशी वस्तीभर होणे, ही आणखी एक जुनी तक्रार. म्हणून ऐकलेले बाहेर न नेण्याचा नियम जाणती मंडळी पहिल्याच बैठकीत घालून देतात.

मंडळ्या व संस्था : अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स व युनायटेड चर्च अशा सहा परंपरा एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. भारतातील राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालयही याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. कॅथलिकांमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये सामान्य श्रद्धाळूंच्या शास्त्रवाचनाला मोठे बळ दिले, आणि धर्मग्रामांतून शेजारी कुटुंबांचे लहान ख्रिस्ती समुदाय उभे राहिले. महाविद्यालयीन तरुणांत 1954 मध्ये स्थापन झालेली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही संघटना देशभर असेच छोटे गट चालवते. नागपूरच्या ख्रिस्ती समाजात मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि मल्याळम बोलणारी कुटुंबे आहेत. त्यामुळे एकाच बैठकीत उतारा मराठीत, चर्चा हिंदीत आणि प्रार्थना ज्याच्या त्याच्या मातृभाषेत होते.