सेवाज्येष्ठतेची उतरंड

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात ‘खलाशी’ म्हटले की होडीवरचा माणूस डोळ्यांसमोर येतो. आमच्या वाडीत या शब्दाचा अर्थ वेगळा होता. आमचे खलाशी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात होते. ज्या जिल्ह्यात कोकण रेल्वे येईपर्यंत लोहमार्ग नव्हता, त्या जिल्ह्यातील माणसे पिढ्यान्पिढ्या रेल्वेची नोकरी करीत होती, ही गोष्ट आमच्या स्थानिक इतिहासकारांच्या ध्यानात फारशी आलेली नाही. आंबा, मासळी, दशावतार आणि किल्ला यांपलीकडे त्यांची नजर क्वचितच जाते.

रेल्वेच्या आधी पलटण होती. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील महार मुंबई लष्करात शिपाई होत आणि सुभेदारपदापर्यंत चढत. पुढे लष्कराची जातवार फेररचना झाली आणि १८९२-९३ च्या सुमारास ही भरती थांबली. उच्चवर्णीय शिपाई महार अधिकाऱ्याचा हुकूम पाळण्यास नाखूष असत, हेही त्यामागचे एक कारण सांगितले जाते. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी या बंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. म्हणजे बढतीचा प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो वर्दीत. खालचा माणूस वर गेला याचे दुःख एवढे नव्हते. त्याला सलाम ठोकावा लागतो, हे खरे दुखणे होते.

पलटणीचे दार बंद झाल्यावर गिरणी, गोदी आणि रेल्वे उरली. तेथे काय वाढून ठेवले होते, ते बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हा त्या भाषणातील विचार सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील आपण वाचतो का? अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, कारण त्याच्यापुढे वरची पायरीच नाही. त्याला पोर्टरही क्वचितच करतात, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि घर बाटते. कारकुनीत स्पृश्यांना मॅट्रिकची अट आड येत नाही. वर्कशॉपात अस्पृश्य मेकॅनिक शोधावा लागतो. कामगारांत फूट पाडता, असा आरोप बाबासाहेबांवर त्या काळी होत होता. फूट आधीच पडलेली आहे आणि ती जातीच्या पक्षपाताने पडली आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. सेवाज्येष्ठता ही वरून अगदी निःपक्षपाती वस्तू दिसते. आधी आला तो आधी वर जाईल. यात जात कुठे आली? पण ज्येष्ठता मोजतात ती त्या त्या वर्गातली. गँगमनची वीस वर्षे गँगमध्येच मोजली जातात, काल लागलेल्या कारकुनापुढे त्यांना किंमत नाही. शिवाय ‘आधी कोण आला’ याचे उत्तर ‘आधी कोणाला येऊ दिले’ यावर ठरते. तारखेला जात नसते, तारीख मिळण्याला असते.

भरतीतील आरक्षणाला १९४३ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, ८ १/३ टक्क्यांपासून सुरुवात झाली. बढतीचा वाद मात्र स्वातंत्र्यानंतर पेटला आणि तो रेल्वेतच पेटला. १९५९ साली रेल्वे बोर्डाने परिपत्रके काढून निवडीने भरावयाच्या पदांनाही राखीव जागा लागू केल्या. दक्षिण रेल्वेतील रंगाचारी यांनी त्यांना आव्हान दिले. मद्रास उच्च न्यायालयात ते जिंकले, पण १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी परिपत्रके वैध ठरविली. बहुमताचा निकाल लिहिला साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी.

१९८० सालचा खटला तर नावासकट ध्यानात ठेवावा. राखीव जागांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या बिगर-दलित रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नाव होते ‘अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघ’! शोषितांच्या बाजूने लढणाऱ्यांच्या भाषेतला एवढा एकच शब्द त्यांना हवा होता, तो त्यांनी घेतला. न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ती याचिका फेटाळली.

माझे चुलते १९८२ साली मुंबईतील एका कारखान्यात खलाशी म्हणून लागले. ट्रेड टेस्ट देऊन ते फिटर झाले. ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लागे, तेव्हा त्यांच्या नावापुढे कंसात ‘एस.सी.’ अशी अक्षरे असत. हातातला पाना तोच, गाडीचा डबा तोच. पण सोबतचे लोक त्यांना ‘रोस्टरवाला’ म्हणत. टेस्टमधील गुणांची चर्चा कोणी करीत नसे. ते सुट्टीला आले की आम्हा मुलांना बोटीच्या आणि बोगद्यांच्या गोष्टी सांगत, या गोष्टी कधीच नाही. त्या मला प्राध्यापक झाल्यावर, स्वतः रोस्टरच्या बिंदूवर उभा राहिल्यावर कळल्या.

रोस्टर चाळीस बिंदूंचे होते. १, ८, १४, २२, २८ आणि ३६ हे बिंदू अनुसूचित जातींचे. ४, १७ आणि ३१ जमातींचे. बिंदू रिकाम्या जागेला लागे, एकूण पदांना नव्हे. त्यामुळे लहान संवर्गात काही वर्षांनी प्रमाण पुढे सरके. रेल्वे गार्डांच्या वीरपाल सिंग खटल्यात तर असे पुढे आले की ११ जागांसाठी विचारात घेतलेले ३३ च्या ३३ उमेदवार अनुसूचित जाती-जमातींचे होते. हा आकडा आपल्या लोकांनी झाकून ठेवू नये. तो हिशेबाच्या पद्धतीचा परिणाम होता आणि सभरवाल खटल्यात १९९५ सालीच न्यायालयाने ती पद्धत पदांवर आणली.

पण त्याच वर्षी वीरपाल सिंग निकालाने दुसरी गोष्ट केली. समजा, खालच्या यादीत सर्वसाधारण वर्गाचा माणूस तिसरा आणि आपला विसावा आहे. आपला १९८६ साली बिंदूमुळे वर गेला, तिसरा १९९० साली गेला. वर ज्येष्ठ कोण? निकालानुसार नंतर आलेला तिसरा माणूस आपली जुनी जागा परत पटकावणार. चार वर्षे वरच्या पदाचे काम केलेला माणूस त्याच्या खाली. जानेवारी १९९७ मध्ये केंद्राने तसा आदेश काढला. २००१ साली पंचाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही ज्येष्ठता १७ जून १९९५ पासून परत दिली आणि जानेवारी २००२ मध्ये आधीचा आदेश मागे घेतला गेला. पाच वर्षांत याद्या दोनदा उलटल्या. मधल्या काळात जे निवृत्त झाले असतील त्यांच्या मनाचे काय झाले, ते कोणत्याच निकालपत्रात नाही.

पुढे २००६ च्या नागराज निकालाने सरकारने मागासलेपण, अपुरे प्रतिनिधित्व आणि कार्यक्षमता यांचा विचार आकडेवारीनिशी दाखवावा असे म्हटले. २०१८ साली जर्नेल सिंग खटल्यात मागासलेपण सिद्ध करण्याची अट निघाली. २०२२ साली प्रतिनिधित्व संवर्गनिहाय मोजावे असे ठरले. दरम्यान २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाचा बढतीतील आरक्षणाचा २००४ चा निर्णय रद्द केला होता. कार्यक्षमतेची चिंता नेमकी बढतीच्या वेळीच कशी जागी होते? गँगमन उन्हात रुळावर हातोडा मारतो तेव्हा त्याची कार्यक्षमता कोणी मोजावयास जात नाही, आणि गाड्या तर त्याच्याच भरवशावर धावतात.

आपल्या आत्मकथनांत गाव आहे, भूक आहे, शाळेचा उंबरठा आहे. ऑफिस मात्र फार थोडे आहे. गोपनीय अहवालातील एक शेरा, नोटीस बोर्डावरचा कंस, अर्जाच्या पोचपावत्या यांचे साहित्य अजून व्हावयाचे आहे. माझ्या वर्गातील कुडाळ, कणकवली, मालवणकडच्या काही मुलांचे आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकांत जुन्या याद्या, ट्रेड टेस्टचे निकाल आणि युनियनच्या पावत्या निघतात. यंदा मी त्या मुलांना एवढेच काम दिले आहे: कागद कोकणच्या पावसात कुजण्याआधी उतरून आणा आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांपैकी जे हयात असतील त्यांच्याजवळ बसा.