काळ्या आजाराच्या जंतूची ओळख

सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एखादी वस्तु दिसणें निराळें आणि ती ओळखूं येणें निराळें. आमच्या मतें या भेदाचें बोधप्रद उदाहरण काळ्या आजाराच्या इतिहासांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकांत आसाम व बंगाल प्रांतांत या रोगानें गांवेंच्या गांवें उजाड केलीं. दीर्घ ज्वर, वाढलेली प्लीहा व काळवंडलेली त्वचा हीं त्याचीं लक्षणें. कित्येक डॉक्टर तो हिंवतापाचाच उग्र प्रकार समजून क्विनाइन देत. पण गुण येत नसे.

इ. स. १९०० मध्यें इंग्लंडांतील नेटली येथें विल्यम लीशमन यांस, डमडमच्या छावणींत ज्वर जडून पुढें मृत्यु पावलेल्या एका शिपायाच्या प्लीहेंत असंख्य अंडाकृति कण दिसले. प्रत्येकांत एक केंद्रक व शेजारीं एक चिमुकला दंड. हे काय असावें, तें त्यांस उलगडेना. पुढें ट्रिपॅनोसोम नांवाच्या शेपटीवाल्या एकपेशीय जीवांनीं मेलेल्या उंदरांत तसेच कण आढळतांच, हे त्याच जीवांचे मरणोत्तर अवशेष असावेत, असा तर्क त्यांनीं मे १९०३ मध्यें प्रसिद्ध केला.

मद्रासेंत चार्ल्स डोनोव्हन यांनाही मृतांच्या प्लीहेंत तेच कण आढळले होते. १७ जून १९०३ रोजीं त्यांनीं एका जिवंत मुलाच्या प्लीहेंतून सुईनें रक्त काढिलें. त्यांतही ते दिसले! मरणोत्तर अवशेषांची कल्पना अर्थातच ढांसळली. पॅरिसच्या लाव्हरान व मेस्निल या पंडितांनीं त्यांस गुरांच्या रक्तांतील पायरोप्लाझ्मा जातींत घातलें. रोनाल्ड रॉस यांनीं मात्र ही स्वतंत्रच जाति ठरवून, दोघांही शोधकांचीं नांवें गुंफून, लीशमेनिया डोनोव्हानी असें नामकरण केलें.

निर्णय झाला तो १९०४ सालीं. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनीं रोग्याच्या प्लीहेंतील रक्त शरीराहून थंड ठेविलें, तों त्या कणांस शेपट्या फुटल्या! म्हणजे ते अवशेष नव्हते, तरी ट्रिपॅनोसोमांचे आप्त होतेच. लीशमन यांचा तर्क अर्धा खोटा, अर्धा खरा ठरला.

हा वाद केवळ नांवाचा नव्हता. रोग हिंवताप नव्हे हें ठरलें, तेव्हांच क्विनाइनचा नाद सुटून अँटिमनीच्या औषधांकडे लक्ष गेलें. १९२२ मध्यें उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं प्रसिद्ध केलेल्या यूरिया स्टिबामाइननें पुढें असंख्य रोगी वांचविले. आकृति पाहून जीव ओळखतां येतोच असें नाहीं. तो जगतो कसा व बदलतो कसा, हेंही पाहावें लागतें.