अमेरिकेतील माजी सैनिकांची अपंगत्व-भरपाईची अपिले आणि आम्लपित्त : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

युद्धात हात वा पाय गमावलेल्या सैनिकाचे अपंगत्व कोणालाही दिसते. याउलट जठरातील आम्ल वारंवार अन्ननलिकेत चढून होणारी जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, गिळताना होणारा त्रास ही दुखणी बाहेरून दिसत नाहीत. व्यवहारात त्यांना आम्लपित्त म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात या दीर्घकालीन विकाराला ‘गर्ड’ हे संक्षिप्त नाव आहे. हा विकार लष्करी सेवेमुळे जडला, असा दावा अमेरिकेतील अनेक माजी सैनिक करतात आणि तो फेटाळला गेल्यास अपील करतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या अपिलांमागे एक मूलभूत प्रश्न आहे. जे दुखणे दिसत नाही, त्याबाबत शासनाने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

अपिलाच्या हक्काची जडणघडण :

यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली, अमेरिकेत सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचा व्यापक कायदा झाला. त्या युद्धात अतिसार व आमांश यांनी असंख्य सैनिकांना गांजले होते. त्यामुळे पोटाचे विकार हा अशा अर्जांचा आरंभापासूनचा विषय होता. दलालांनी सैनिकांना लुबाडू नये म्हणून वकिलाच्या शुल्कावर मर्यादा घालण्यात आली व १८६४ मध्ये ती १० डॉलर ठरली. हेतू रक्षणाचा होता. परंतु शतकाहून अधिक काळ ही मर्यादा न बदलल्याने सैनिकाला वकील मिळणेच दुरापास्त झाले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली.

१९३३ च्या काटकसर कायद्याने भरपाईत कपात केली आणि वैयक्तिक दाव्यांवरील निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. त्याच वर्षी माजी सैनिक अपील मंडळ स्थापन झाले. हे मंडळ प्रशासनाचाच भाग असल्याने प्रशासनाच्या निर्णयाची अंतिम तपासणी प्रशासनच करीत असे. ही स्थिती पंचावन्न वर्षे टिकली. १९८८ च्या कायद्याने न्यायालयीन पुनर्विलोकनाचा मार्ग खुला केला, १० डॉलरची मर्यादा मोडीत काढली आणि माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय निर्माण केले. १९९० मधील गिल्बर्ट खटल्यात या न्यायालयाने संशयाच्या फायद्याचे तत्त्व स्पष्ट केले : अनुकूल व प्रतिकूल पुरावा समतोल असेल तर निर्णय सैनिकाच्या बाजूने द्यावयाचा.

पुराव्याचा प्रश्न :

संशयाचा फायदा मिळण्यासाठीही काही पुरावा हाती असावा लागतो. १९९५ च्या कालुझा खटल्यात तीन अटी एकत्र मांडल्या गेल्या : सध्याचा विकार, सेवाकाळातील आजार अथवा इजा आणि या दोहोंमधील कार्यकारणसंबंध. आम्लपित्ताच्या दावेदाराची अडचण येथेच सुरू होते. छातीत जळजळ झाली म्हणून प्रत्येक सैनिक लष्करी डॉक्टरकडे जात नाही. आम्लशामक गोळी चघळून तो कामावर जातो. त्या गोळीची नोंद कोठेही होत नाही. ज्यांच्या नोंदी होत्या, त्यांच्यापैकीही अनेकांच्या १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत जळाल्या. त्या आगीत १६० ते १८० लाख फायली नष्ट झाल्या.

अशा परिस्थितीत सैनिकाच्या स्वतःच्या कथनाला महत्त्व येते. १९९४ च्या लेनो खटल्यात न्यायालयाने मान्य केले की, स्वतः अनुभवलेल्या लक्षणांविषयी सामान्य माणूस साक्ष देऊ शकतो. जळजळ कधी सुरू झाली हे सांगण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही. मात्र तिचे कारण सांगण्यासाठी बहुधा तज्ज्ञाचे मत आवश्यक ठरते. १९९५ च्या ॲलन खटल्याने आणखी एक वाट मोकळी केली. सेवाजन्य विकारामुळे दुसरा विकार बळावला, तर वाढलेल्या भागापुरती भरपाई देय ठरली. त्यामुळे गुडघा वा पाठीच्या दुखापतीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक औषधांनी आम्लपित्त वाढले, असा दावा करता येऊ लागला.

१९९१ च्या आखाती युद्धातील सैनिकांबाबत मात्र एक विसंगती निर्माण झाली. २००१ च्या कायद्याने आतड्याच्या क्षोभविकाराला सेवाजन्य मानण्याचे गृहीतक मान्य केले. गर्ड हा रचनात्मक विकार समजला गेल्याने तो या गृहीतकाच्या बाहेर राहिला. एकाच वाळवंटात सेवा केलेल्या दोघांपैकी एकाला कारण सिद्ध करावे लागत नाही, दुसऱ्याला करावे लागते. हा फरक निदानाच्या नावाने घडविला.

मोजमापाचा प्रश्न :

दावा मान्य झाल्यावर अपंगत्वाची टक्केवारी ठरते. मूल्यांकनाच्या कोष्टकात गर्डला दीर्घकाळ स्वतंत्र स्थान नव्हते. साधर्म्याच्या तत्त्वाने तो हायटस हर्नियाच्या निकषांवर मोजला जाई. जळजळ, आम्ल वर येणे, गिळण्यातील अडचण, छाती वा खांद्यातील वेदना यांच्या तीव्रतेनुसार १०, ३० अथवा ६० टक्के दर मिळत असे. निकष उसना असला तरी तो लक्षणांवर आधारलेला होता. २०१२ च्या जोन्स खटल्यात न्यायालयाने असेही ठरविले की, निकषात औषधाचा उल्लेख नसेल तर औषधाने मिळणाऱ्या आरामामुळे टक्केवारी कमी करता येणार नाही.

१९ मे २०२४ पासून गर्डला कोष्टकात स्वतःचा क्रमांक मिळाला. परंतु त्याचे मोजमाप अन्ननलिका आक्रसण्याच्या निकषांवर होऊ लागले : ०, १०, ३०, ५० व ८० टक्के. अन्ननलिका आक्रसल्याचे क्ष-किरण वा दुर्बिणीच्या तपासणीत आढळणे आवश्यक ठरले. तपासणीतील वस्तुनिष्ठता त्यामुळे वाढली, यात शंका नाही. तथापि गर्डच्या बहुसंख्य रुग्णांत अन्ननलिका आक्रसलेली नसते. रोज रात्री जळजळीने उठणाऱ्या सैनिकाचा विकार सेवाजन्य ठरूनही त्याची टक्केवारी शून्य राहू शकते. पूर्वीच्या नियमांनुसार मिळालेले दर केवळ निकष बदलले म्हणून घटविता येत नाहीत, एवढा दिलासा कायद्याने ठेवला आहे.

समारोप :

या इतिहासात सैनिकाला प्रथम दाद मागण्याचा हक्क मिळाला, नंतर त्याच्या शब्दाला पुराव्याचे स्थान मिळाले आणि अखेरीस त्याच्या विकाराला कोष्टकात नाव मिळाले. मात्र नाव मिळताना मोजमाप लक्षणांकडून तपासणीत दिसणाऱ्या खुणेकडे सरकले. साक्ष ऐकून घेण्याचा जो मार्ग न्यायालयाने रुंद केला, तो कोष्टकाने पुन्हा अरुंद केला. अपिलाचा हक्क कितीही व्यापक असला, तरी अपील मंडळाला त्याच कोष्टकाच्या चौकटीत निर्णय द्यावा लागतो. म्हणूनच अपंगत्वविषयक न्यायाचा अभ्यास करताना कायदे व निकाल यांच्याबरोबरच मूल्यांकनाची कोष्टके हीदेखील ऐतिहासिक साधने म्हणून वाचणे अगत्याचे आहे.