चितेवरील जोनची वाणी

संगीतांत एखादी संत-स्त्री आली, म्हणजे सर्वांत मधुर गाणें तिच्याच वांट्यास येणार, असें आपण गृहीत धरतों. पॉल क्लोदेल या कवीनें लिहिलेल्या व आर्थर ओनेगर यानें स्वरबद्ध केलेल्या ‘चितेवरील जोन’ या नाट्यमय ऑरेटोरिओंत मात्र जोन ऑफ आर्कची भूमिका गायिकेची नसून नटीची आहे. १९३८ सालीं बाझेल येथें ही कृति प्रथम मैफलीच्या रूपानें झाली. १९५३ सालीं रोसेलिनी यानें नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहांत ती रंगभूमीवर आणिली, तेव्हां जोन झाली ती इन्ग्रिड बर्गमन.

या योजनेंत इतिहासाचें मर्म आहे. जोनला लिहितां-वाचतां येत नव्हतें. १४३१ सालीं रूआं येथील धर्मन्यायसभेंत लेखनिकांनीं तिचे शब्द टिपले, आणि त्यांच्याच आधारें तिला दोषी ठरविण्यांत आलें. ३० मे रोजीं तिला जाळलें. नाटकांत डॉमिनिक नांवाचा साधु तोच खटला तिला वाचून दाखवितो. तेथें न्यायाधीश डुक्कर आहे. कारण बिशप कोशों याच्या नांवाचा उच्चार फ्रेंच भाषेंतील त्या प्राण्याच्या नांवासारखाच होतो.

१४५६ सालीं निकाल रद्द झाला, १९२० सालीं संतपद मिळालें. पण गेलेल्या जिवाला त्याचें काय? क्लोदेल व ओनेगर तिला निराळेंच कांहीं देतात: भोंवतीं वृंद गात असतां तिचा साधा शब्द आपणांस ऐकूं येतो.