काँग्रेस गवत नेमकं आलं कधी?



आजची नोंद पिकाची नाही, तणाची आहे. थोडी लांब झालीय, पण बसून वाचा. टोमॅटोवाल्यांच्या आणि खुरपायला जाणाऱ्या बायकांच्या कामाची आहे.

आपल्याकडं जुन्नर-आंबेगावात कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, काँग्रेस गवत कधी आलं? उत्तर ठरलेलं. "बहात्तरच्या दुष्काळात, मिलोबरोबर." रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, लोकांनी नाकं मुरडत खाल्ली, त्यातूनच हे बी आलं. आमच्या घरातही हेच सांगायचे. तरुण पोरं मोबाईलवर वाचून दुसरं सांगतात, "पीएल ४८० च्या गव्हातून आलं." दोन्ही गोष्टी इतक्या वेळा ऐकल्यात की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही.

मागच्या पावसाळ्यात पुण्यात एमएस्सी करणारी एक मुलगी आमच्या शिवारात तणं मोजायला यायची. सळईची मीटर बाय मीटरची चौकट. ती कधी बांधावर टाकायची, कधी कालव्याच्या भरावावर, कधी डोंगराकडच्या पडीक रानात. आत कोणत्या जातीची किती रोपं आहेत ते वहीत लिहायची. गावातले लोक हसायचे, "तणं मोजून काय पगार मिळतो का?" मी तिला मिलोची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "काका, बहात्तर नाही. पुण्यात १९५५ लाच सापडलंय. छापील नोंद आहे."

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागं लागलो. तिच्याकडून आणि ओळखीच्या कृषी शास्त्रज्ञांकडून समजून घेतलं. इंग्रजी निबंध त्यांनी मला मराठीत सांगितले. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितो.

या तणाचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आपण गाजर गवत, काँग्रेस गवत, कुठं चटकचांदणी म्हणतो. खरं तर हे गवतच नाही. सूर्यफूल, झेंडू यांच्या कुळातलं झाड आहे. पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत. काँग्रेस नावाच्या दोन कथा सांगतात. पांढरी फुलं गांधी टोपीसारखी दिसतात ही एक. धान्य आलं तेव्हा काँग्रेसचं राज्य होतं ही दुसरी. मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूचं, मध्य अमेरिकेकडचं.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी हे पुण्यात पाहिलं आणि १९५६ साली बीएनएचएसच्या नियतकालिकात "भारतासाठी नवीन वनस्पती" म्हणून छापलं. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या सोळा-सतरा वर्षं आधी हे झाड आपल्या जिल्ह्याच्या गावात उभं होतं. मिलोचा आरोप इथंच ढिला पडतो.

आता पीएल ४८० चं बघू. तो अमेरिकेचा कायदा १९५४ चा. त्याखाली भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. झाड दिसलं १९५५ ला, करार झाला १९५६ ला. पाहुणा आधी आणि आमंत्रण नंतर, असं कसं होईल? हां, त्याआधी १९५१ साली अमेरिकेनं आपल्याला धान्यासाठी कर्ज दिलं होतं, वीस लाख टनांचं. त्या धान्याबरोबर आलं असेल हे पटण्यासारखं आहे. पण कोणत्या पोत्यातून सांडलं हे पाहणारा कुणी नव्हता.

त्याहून जुनी गोष्ट अशी, की नंतर अभ्यासकांनी जुने कागद आणि वाळवून ठेवलेली झाडं तपासली, तर १८१४ सालच्या रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीत हे नाव निघालं. डेहराडूनच्या संग्रहात १८८० चा नमुनाही निघाला. म्हणजे एखादं झाड शंभर वर्षांपूर्वीही देशात आलं होतं. पण तेव्हा ते पसरलं नाही. पुण्यात दिसल्यावर मात्र वीस-पंचवीस वर्षांत देशभर गेलं. कर्नाटकानं तर १९७५ सालीच कायद्यानं त्याला घातक तण जाहीर केलं.

मग आपली म्हातारी माणसं खोटं बोलत होती का? माझं मत, नाही. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. आठवून बघा, बहात्तरला काय चाललं होतं. सगळी रानं उघडी पडलेली. जनावरं छावणीत किंवा विकलेली. दुष्काळी कामांवर लोक खडी फोडत होते, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव खोदत होते. त्याच दशकात आपल्याकडं कुकडी प्रकल्पाची कामं सुरू होती. हजारो ब्रास माती इकडची तिकडं गेली. काँग्रेस गवताला हेच पाहिजे असतं. उकरलेली उघडी माती, शेजारी दुसरं झाड नाही आणि वरून एक पाऊस. आधी रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर चार-चार झाडं असतील, ती कुणाच्या नजरेत आली नाहीत. दुष्काळानंतर पाऊस झाला आणि पांढरं रान झालं, तेव्हा लोकांना दिसलं. दिसलं तेव्हाच आलं, असं आपण धरलं. शास्त्रज्ञ सांगतात की बाहेरून आलेल्या जातींचं बहुतेक असंच असतं. बरीच वर्षं दबून राहतात आणि संधी मिळाली की उसळतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मिलोला दोष दिला की विषय अमेरिकेवर ढकलून आपण मोकळे होतो. बी बाहेरून आलं, पण त्याला गावोगाव नेलं आपल्या मातीच्या गाड्यांनी, शेणखतानं, कालव्याच्या पाण्यानं. आजही तेच चाललंय.

बाहेरून आलं म्हणून वाईट, असंही नाही. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, शेंगदाणा ही सगळी मूळची अमेरिकेकडचीच. नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा बटाटा ज्या खंडातून आला, त्याच खंडातून हे तणही आलं. पण टोमॅटोला आपण लावलं तर तो येतो, नाही लावला तर संपला. काँग्रेस गवताला माणूस लागत नाही. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, एक झाड दहा-पंधरा हजार, मोठं असलं तर पंचवीस हजारांपर्यंत बी टाकतं, आणि ओल मिळाली की बाराही महिने उगवतं. मेक्सिकोत त्याला खाणारे किडे आणि रोग आहेत. ते सगळे मागं राहिले, हे एकटं पुढं आलं. जनावरं तोंड लावत नाहीत. चुकून चाऱ्यात आलं तर दुधाला कडवटपणा येतो.

आता याचं नुकसान किती खोल आहे ते सांगतो.

पहिलं, अंगावर उठणारी खाज. याच्या पानाफुलांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी डॉक्टरांबरोबर १९७४ साली यावर निबंध छापला, आणि जगातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना पुण्याकडच्या या खाजेची नीट ओळख झाली. झाडाला हात लावला पाहिजे असंही नाही. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्यानं आली तरी पापण्या, मान, कोपराची खोबण लाल होते. एकदा अंगात बसलं की दरवर्षी वाढत जातं. आपल्याकडं हे सगळ्यात जास्त भोगतात खुरपायला जाणाऱ्या बायका. त्या दवाखान्यात सांगतात "उन्हानं झालं". मलम घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच रानात. रोज बुडवून बसणं परवडत नाही, म्हणून हा आजार कुणाच्या हिशेबात येत नाही.

दुसरं, पिकावरचा परिणाम. बंगळुरूचे प्राध्यापक जयचंद्र आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कांचन, सुखदा यांनी १९७९-८० च्या सुमारास दाखवलं की या झाडाच्या मुळातून, पानातून सुटणारी द्रव्यं शेजारच्या पिकाची वाढ दाबतात. एवढंच नाही, त्याचा पराग टोमॅटो, वांगी, घेवडा अशा पिकांच्या फुलावर पडला तर फळधारणा कमी होते. फूलगळीला शंभर कारणं असतात. ऊन, थ्रिप्स, पाणी, खत, सगळं खरं. पण बांध पांढरा ठेवायचा आणि फूल टिकावं म्हणून महागाचं टॉनिक मारायचं, याला अर्थ नाही.

तिसरं, रोग. २००० साली आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर एक विषाणू आला आणि सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास पिकाला फटका बसला. शोध घेतल्यावर कळलं की विषाणू काँग्रेस गवतात शांत बसलेला असतो, झाडावर लक्षण दिसत नाही. त्याचा पराग थ्रिप्स अंगावर घेऊन जातात आणि पिकात रोग सोडतात. म्हणजे बांधावरचं तण फक्त खत-पाणी खात नाही, ते रोगाचं कोठार होतं.

उपायांचाही इतिहास आहे. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला. पांढुरका, पाठीवर तपकिरी रेघा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. आपण त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणतो. आधी तो आपली पिकं खातो का हे तपासलं आणि १९८४ साली सोडला. पुढं तो सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठा गदारोळ झाला, चौकशी झाली. निघालं असं, की सूर्यफुलाच्या पानावर काँग्रेस गवताचा पराग पडलेला असतो, त्याच्या वासानं तो कुरतडतो, पण त्या पिकावर त्याचा संसार टिकत नाही. आज तो आपल्याकडंही सापडतो. पावसाळ्यात काँग्रेस गवताच्या नुसत्या काड्या राहिलेल्या दिसल्या तर समजा, भुंगेऱ्याचं काम आहे. अडचण एकच, पाऊस संपला की तो मातीत जाऊन झोपतो, आणि आपल्या बागायती रानात तण हिवाळ्यातही उगवतं. म्हणून भुंगेऱ्यावर सगळं सोडून चालत नाही.

टाकळ्यानं काँग्रेस गवत दबतं हेही खरं आहे. रस्त्याच्या कडेला बघा, टाकळा दाट असेल तिथं ते कमी असतं.

बाहेरच्या देशांचं एक शिकण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतातही याची पहिली नोंद १९५५ चीच. पुढं गवताच्या बियाण्यातून तिथं दुसऱ्यांदा आलं आणि पसरलं. तिथं गाड्या आणि कापणीची यंत्रं धुवायच्या जागा केल्यात, कारण बी चाकाच्या चिखलातून जातं. आपल्याकडं रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र या गावातून त्या गावात तसंच जातं. पाण्याचा एक पाइप मारायला दहा मिनिटं लागतात.

मी आमच्या रानात काय करतो ते लिहितो.

१. फुलाआधी उपटायचं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात तेव्हा, पावसानं माती मऊ असताना, मुळासकट. फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकणं म्हणजे पेरणीच.
२. फुलाआधीचं असेल तर खड्ड्यात कुजवून खत होतं. फुलावर आलेलं खतात टाकायचं नाही.
३. उपटणाऱ्याला हातमोजे आणि लांब बाह्या मालकानं द्यायच्या. ज्या बाईला आधीच खाज उठते तिला त्या कामाला लावायचं नाही, दुसरं काम द्यायचं.
४. भुंगेरे दिसले त्या तुकड्यात औषध मारायचं नाही.
५. एकट्यानं करून भागत नाही. शेजाऱ्याचा बांध आणि कालव्याचा भराव पांढरा असेल तर माझं रान कोरं राहत नाही. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जनजागृती सप्ताह करतं. ग्रामपंचायत, शाळा, बचत गट मिळून तो आठवडा धरला तर एका गावाचा भराव साफ होतो.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी एवढा इतिहास लिहिला. बाहेरून येणं थांबलेलं नाही. टोमॅटोतली टुटा नागअळी, मूळची दक्षिण अमेरिकेची, आपल्या राज्यात २०१४ ला नोंदवली गेली. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडं आली. १९५५ साली पुण्यात काँग्रेस गवत थोडंच होतं. नोंद झाली, ती वहीत राहिली. शेतकऱ्यापर्यंत पोहोचली नाही, आणि शेतकऱ्यानं पाहिलेलं वहीपर्यंत गेलं नाही. तणं मोजणाऱ्या मुलीला हसण्याऐवजी तिला आपला बांध दाखवला पाहिजे. आपण रोज रानात असतो. नवीन रोप, नवीन अळी आपल्यालाच आधी दिसते.

म्हणून विनंती. आपल्या गावात कधी न पाहिलेलं तण किंवा कीड दिसली तर फोटो काढा, तारीख, गाव आणि जागा लिहा, आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला दाखवा. आणि घरात सत्तर-ऐंशीच्या पुढची माणसं असतील त्यांना विचारा, काँग्रेस गवत तुम्ही पहिल्यांदा कुठं पाहिलं? रस्त्याला, कालव्याला, की उकिरड्यावर? साल आठवत नसेल तर कुणाचं लग्न, कोणतं धरण, कोणता दुष्काळ ते विचारा, साल आपण काढू. खाली गावाच्या नावासकट लिहा. दहा-वीस गावांचं जमलं तर आपल्या दोन तालुक्यांत हे कोणत्या वाटेनं पसरलं ते कळेल, आणि पुढचं तण कोणत्या वाटेनं येईल तेही.